तीन हिरवे दिवे : प्रस्तावना

विमानाची चाकं विमान चालवणाऱ्याला दिसत नाहीत. या पुस्तकात पुढे जे काही आहे, ते सगळं या एका अडचणीपोटी जन्माला आलं आहे. प्रवासी जेटमध्ये कॉकपिट अगदी टोकाला असतं. नाकाचं चाक वैमानिकाच्या पायाखाली पत्र्याआड, आणि मुख्य चाकं तर कितीतरी मागे, पंखांच्या मुळाशी. मान कितीही वळवली तरी ती नजरेत येत नाहीत. वैमानिक समोरचा लिव्हर खाली करतो, कप्प्यांची दारं उघडल्याचा धडधडाट ऐकतो, वाऱ्याचा आवाज वाढल्याचं त्याला जाणवतं, आणि मग तो समोरच्या तीन छोट्या दिव्यांकडे पाहतो. तिन्ही हिरवे असले की तसं मोठ्याने बोलून दाखवायचं, ही रीत. दीडदोनशे माणसं त्या वेळी त्या तीन दिव्यांच्या भरवशावर धावपट्टीकडे निघालेली असतात.

१६ एप्रिल २०२५ रोजी आमच्या अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं आणि अलायन्स एअरचं एटीआर ७२ मुंबईहून तिथे येऊन उतरलं. एटीआर हे पंख्याचं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्याही वर असतात आणि मुख्य चाकं पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत मिटतात. त्यामुळे मागच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला चाक बाहेर येताना, ताठ होताना आणि धावपट्टीला टेकताना स्वच्छ दिसतं. वलगावातले एक काकाजी मुंबईला लेकीकडे जाऊन आले ते हे सगळं डोळे भरून पाहून. वर्णन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मले तं खिडकीतून दिसलं जी. पण पायलटले कसं कयते, चाकं बराबर खाली आले म्हणून? त्याले तं दिसत नसन!"

सेन्सर असतो आणि त्यावरून दिवा लागतो, असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. ते चूक नाही, पण फार अपुरं आहे. दिवा म्हणजे कुणीतरी आधी विचारून ठेवलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. तो प्रश्न नेमका कोणता, हे ठाऊक नसेल तर उत्तराचा अर्थ लागत नाही. चाकांच्या इशाऱ्यांच्या इतिहासात जे जीव गेले आणि जे वाचले, त्यांतले पुष्कळ या एका गोष्टीपाशी गेले किंवा वाचले आहेत. म्हणून हे पुस्तक लिहिलं.

आधी दिव्याला काय विचारलेलं असतं ते पाहू. चाक खाली आलं एवढ्याने भागत नाही. विमान टेकलं की साठसत्तर टनांचा भार त्या पायांवर येतो, आणि पाय जर नुसताच लोंबकळत असेल तर तो पुन्हा मिटून जाईल. त्यासाठी पायाला आडवा आधार देणारा एक सांधेदार दांडा असतो. माणूस उभा राहताना गुडघा ताठ करून किंचित मागे ढकलतो आणि मग स्नायूंना फारसं काम न देता तासभर उभा राहू शकतो, तसा हा सांधा सरळ रेषेच्या जरासा पलीकडे जाऊन बसतो. स्प्रिंग त्याला तिथे धरून ठेवतात. आता वरून जितका भार येईल तितका सांधा अधिकच घट्ट होतो. याला 'डाउनलॉक' म्हणतात. हिरवा दिवा या कुलुपाबद्दल बोलतो: पाय खाली आला आणि कुलूप बसलं.

कुलूप बसल्याचं कळतं कसं? जुन्या विमानांत तिथे छोटा स्विच असे. सांधा जागेवर आला की तो दाबला जाई. पण चाकांच्या कप्प्यात चिखल उडतो, ग्रीस साचतं, पाणी गोठतं, दणके बसतात. हलणारा, दाबला जाणारा स्विच अशा जागी फार दिवस इमान राखत नाही. म्हणून नंतर न शिवता ओळखणारे सेन्सर आले. एका बाजूला तारेचं वेटोळं आणि त्यातून वाहणारा उलटसुलट प्रवाह. दुसऱ्या बाजूला, हलणाऱ्या भागावर, धातूची एक छोटी पट्टी. पट्टी जवळ आली की वेटोळ्याचा विद्युत-स्वभाव बदलतो आणि मागे बसलेलं इलेक्ट्रॉनिक खोकं 'जवळ' किंवा 'दूर' एवढंच वाचतं. या दोघांमधली फट मिलिमीटरच्या हिशेबाची असते. हँगरमध्ये तंत्रज्ञ पोलादी पात्यांचं फीलर गेज घालून ती मोजतो, पातं किंचित अडकत सरकलं पाहिजे, आणि नसेल तर नट फिरवून फट पुन्हा बसवतो. या कामाला नाव नाही, फोटो नाही. पण हिरव्या दिव्याचं खरंखोटं तिथे ठरतं.

प्रत्येक कुलपाची खबर एकाच वाटेने आली तर ती वाट तुटण्याची भीती. म्हणून एअरबस ए३२० मध्ये सेन्सरच्या दोन स्वतंत्र जोडण्या दोन स्वतंत्र संगणकांकडे जातात. चाकांच्या पडद्यावर प्रत्येक पायाशी दोन त्रिकोण दिसतात, एकेका संगणकाचा एकेक. दोघांपैकी एक जरी हिरवा असला तरी पाय कुलूपबंद मानायचा. बोईंग ७३७ च्या नव्या पिढीत समोरच्या तीन हिरव्या दिव्यांखेरीज डोक्यावरच्या पॅनेलमध्ये आणखी तीन आहेत. त्याआधीच्या ७३७ मध्ये तर प्रवाशांच्या मधल्या वाटेवर, गालिच्याखाली, एक काचेचं भिंग बसवलेलं असे. शंका आली की कुणीतरी उठून जायचं, गालिचा उचलायचा आणि पालथं पडून चाकाकडे डोळा लावायचा.

७३७ च्या लाल दिव्याबद्दल इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्याला लोक विनाकारण घाबरतात. चाकं बाहेर येत असताना किंवा मिटत असताना लाल दिवे लागतातच. लिव्हर एक सांगतोय आणि पाय अजून तिथे पोचलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही सेकंदांत ते विझतात. चाकं पूर्ण मिटली की तिन्ही जागा काळ्या असतात. म्हणजे पायलटला तीन अवस्था वाचायच्या असतात: हिरवं, लाल आणि काहीच नाही. यांतली तिसरी सगळ्यात फसवी. कारण दिवा न लागण्याची कारणं दोन असू शकतात. एक, पाय तिथे नाही. दुसरं, दिव्यातच बिघाड आहे.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री हे दुसरं कारण एकशे एक माणसांच्या जीवावर उठलं. ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ हे उड्डाण, लॉकहीड ट्रायस्टार विमान, न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होतं. नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. उतरणं सोडून ते दोन हजार फुटांवर गेले, ऑटोपायलट लावला आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यामागे लागले. कुणी दिव्याचं घर उघडून पाहतोय, तर फ्लाइट इंजिनिअर खालच्या कप्प्यात उतरून भिंगातून चाक दिसतं का ते बघतोय. या गडबडीत ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं आणि विमान हळूहळू खाली येऊ लागलं. उंची सुटल्याची एक मंजुळ घंटी वाजली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. बाहेर एव्हरग्लेड्सची दलदल, किर्र काळोख. विमान त्यात घुसलं. १७६ पैकी १०१ जण गेले. तपासात आढळलं की नाकाचं चाक खाली होतं आणि कुलूपबंद होतं. दिव्यातले बल्ब जळलेले होते.

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतल्याच पोर्टलंडला जवळपास तीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. युनायटेडच्या डीसी-८ विमानाचा उजवा पाय गंजलेला भाग तुटल्यामुळे धाडकन खाली पडला आणि त्या हिसक्याने दिव्याचा स्विचच निकामी झाला. पाय खाली होता, कुलूपही बसलं होतं. त्या विमानात पंखावर एक साधा यांत्रिक दर्शकही असतो, त्यानेही तेच सांगितलं. तरी हिरवा दिवा नाही म्हणून विमान तासभर घिरट्या घालत तयारी करत राहिलं. तेवढ्यात इंधन संपलं. १८९ पैकी दहा माणसं दगावली. कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, धाकट्याने थोरल्याला कसं टोकावं, याचं शिक्षण जगभर सुरू होण्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

या दोन्ही कथा मी पुस्तकात सविस्तर घेतल्या आहेत, आणि वाचताना माझा एक आग्रह आहे. त्या विमानांतल्या माणसांना निष्काळजी ठरवून पुढे जाऊ नये. ती माणसं काळजीच करत होती, फक्त ती सगळी काळजी एका दिव्यापाशी गोळा झाली होती.

आता भोंगा. दिवा आपण पाहिला तर बोलतो. भोंगा न पाहणाऱ्यालाही हाक मारतो. वैमानिक चाकं काढायलाच विसरला तर काय, या भीतीतून तो आला. पण इथे यंत्राला विचारायचा प्रश्न फार अवघड होऊन बसतो. चाकं खाली आहेत का, हे सेन्सर सांगतो. चाकं या घडीला खाली असायला हवीत का, हे सांगणारा सेन्सर कुठेच मिळत नाही. ते अनुमानाने काढावं लागतं.

सुरुवातीचं अनुमान सोपं होतं. थ्रॉटल मागे ओढला, म्हणजे इंजिनाची ताकद कमी केली, म्हणजे माणूस उतरतोय. चाकं वर असतील तर वाजव भोंगा. पण जेट विमान तीसपस्तीस हजार फुटांवरून खाली येताना बराच वेळ इंजिनं अगदी मंद ठेवूनच येतं. धावपट्टी दीडशे किलोमीटर दूर असताना भोंगा केकाटू लागला तर तो बंद करण्याचं बटण द्यावंच लागतं. आणि बटण दिलं की बोटाला सवय लागते. दर उड्डाणाला खोटा वाजणारा भोंगा खऱ्या वेळी वाजला तरी बोट आपसूक बटणाकडे जाणार. इशाऱ्याची यंत्रणा करणाऱ्यांपुढचा सगळ्यात कठीण निर्णय हा, की गप्प कधी बसायचं.

उत्तर हळूहळू घडत गेलं. विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे लहरी सोडून उंची मोजणारं रेडिओ अल्टिमीटर आलं आणि भोंग्याला खऱ्या उंचीची जाण मिळाली. ७३७ मध्ये आता पंखांचे फ्लॅप मिटलेले किंवा थोडेच उघडलेले असतील तर भोंगा साधारण ८०० फुटांच्या खालीच जागा होतो. तेव्हा तो थ्रॉटलची जागा पाहतो, आणि दोनशे फुटांच्या वर असेपर्यंत पायलटला तो गप्पही करता येतो. फ्लॅप जास्त उघडले की गप्प करण्याची मुभा जाते. आणि फ्लॅप उतरण्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत आले, म्हणजे आता उतरण्याखेरीज दुसरा हेतू संभवतच नाही, तर थ्रॉटल कुठेही असो, चाकं येईपर्यंत भोंगा थांबत नाही. ए३२० मध्ये ही सीमा साधारण ७५० फुटांची. तिथे लाल अक्षरं पडद्यावर येतात, एकसारखी घंटा वाजते आणि चाकांच्या लिव्हरजवळ लाल बाण पेटतो. यांच्याशिवाय जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणारी वेगळी यंत्रणा आहेच. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. पाचशे फुटांखाली, वेग कमी आणि चाकं वर असतील तर ती माणसाच्या आवाजात बोलते: टू लो, गिअर. हे सगळे आकडे कुणीतरी सहज ठरवलेले नाहीत. एकेका आकड्यामागे वाया गेलेले खोटे इशारे आणि न वाजलेले खरे इशारे उभे आहेत. तिसऱ्या प्रकरणात तो हिशेब मांडला आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा गाभा तोच.

एवढं करूनही २२ मे २०२० ला कराचीत जे व्हायचं ते झालंच. पाकिस्तान इंटरनॅशनलचं ए३२०, लाहोरहून आलेलं. विमान उंच आणि फार वेगात होतं. चाकं आधी काढली होती, ती उतरण्यापूर्वी पुन्हा आत गेली. वेगाचे इशारे, जमिनीचे इशारे, सगळे एकदम सुरू होते. एअरबसमध्ये लाल दर्जाच्या बहुतेक इशाऱ्यांना तीच एकसारखी घंटा असते. कशासाठी वाजतेय हे पडद्यावर वाचावं लागतं, आणि वाचायला मन थोडं रिकामं लागतं. विमान इंजिनांवर घासत धावपट्टीवरून गेलं, पुन्हा वर उठलं, घासलेली दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते वस्तीवर कोसळलं. ९९ पैकी दोघे वाचले. तिथे दिव्यांनी, घंटेने, बाणाने आपलं काम केलं होतं. गोंगाटात खरं बोलणाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा कसा, हा प्रश्न कराचीने सगळ्या विमान बनवणाऱ्यांपुढे ठेवला.

आपल्या विदर्भातल्या दोन घटना मात्र मला या सगळ्यांहून अधिक शिकवून गेल्या, आणि दोन्हींत कुणालाही इजा झाली नाही, म्हणून त्या फारशा कुणाच्या लक्षात नाहीत.

पहिली २२ जुलै २०१७ ची. एअर इंडियाचं ए३२०, उड्डाण क्रमांक ६७६, कोलकात्याहून मुंबईला निघालं. ९९ प्रवासी. विमान नेहमीसारखं वर चढेना, वेग धरेना, इंधन मात्र भराभर जाऊ लागलं. २४ हजार फुटांवर, कमी वेगात, ते दीड तासाच्या आसपास उडत राहिलं आणि शेवटी मुंबई गाठणं शक्य नाही म्हणून नागपूरकडे वळलं. उतरण्याच्या तयारीत लक्षात आलं की चाकं उड्डाणानंतर आत घेतलीच नव्हती. वृत्तपत्रांनी वैमानिकांना यथेच्छ झोडपलं. मला त्यात वेगळंच दिसतं. भोंगा वाजला नाही, कारण भोंग्याला चाकं खाली नसण्याची चिंता आहे. ती खाली राहून जाण्याबद्दल त्याला कुणी काही विचारलेलंच नाही. आणि चाकं खाली कुलूपबंद असताना दिवे कसे असणार? हिरवे. ज्या रंगाला आयुष्यभर 'सगळं ठीक' म्हणून ओळखलं, तोच रंग त्या दिवशी चुकीची खबर देत होता, आणि खबर शब्दशः खरी होती.

दुसरी घटना ६ मे २०२१ ची, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली. नागपूरहून हैदराबादला रुग्ण घेऊन निघालेलं बीचक्राफ्ट सी-९० हे छोटं रुग्णवाहू विमान. ते जेट नव्हे, पण मुद्दा तोच. धावपट्टीवरून उचलतानाच त्याचं एक चाक निखळून पडलं. जमिनीवर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या जवानाने ते पाहिलं आणि तातडीने कळवलं. आता आपण वर पाहिलेली यंत्रणा आठवा. सेन्सर कुलपापाशी असतो. पाय खाली आला, सांधा बसला, की तो हिरवा. पायाच्या टोकाला चाक आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. ती खबर कुठल्याही दिव्यातून आली नसती. ती एका माणसाच्या डोळ्यांतून आली. विमान मुंबईकडे वळवलं, धावपट्टीवर फेस पसरला, आणि रात्री नऊच्या सुमारास वैमानिकांनी चाकं न काढता पोटावर ते अलगद उतरवलं. रुग्णासह पाचही जण सुखरूप. मोठ्या विमानांत अशा जाणूनबुजून केलेल्या उतरण्यासाठी चाकांचा बोलका इशारा बंद करणारा स्विच ठेवलेला असतो. यंत्र बनवणाऱ्यांनी ही वेळही गृहीत धरली आहे, की कधीकधी इशारा खरा असेल, पायलटला तो ठाऊक असेल, आणि तरीही त्याला तसंच उतरावं लागेल.

हे पुस्तक आता लिहिण्याचं एक कारण बेलोऱ्यातच आहे. तिथे एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि त्यासाठी ३१ पायपर आर्चर आणि तीन डायमंड डीए४२ विमानांची मागणी नोंदवली गेली. पायपर आर्चरची चाकं पक्की असतात, ती मिटतच नाहीत. विद्यार्थ्याला तिथे चाकं विसरण्याची सोयच नाही. दोन इंजिनांच्या डीए४२ मध्ये मात्र चाकं मिटतात. आर्चरवर शिकून तिथे पोचलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या समोर चाकांचा लिव्हर आणि तीन हिरवे दिवे प्रथमच येतील. त्यांतली काही मुलं अचलपूर, दर्यापूर, अकोल्याकडची असावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यांना त्या दिवशी दिव्याचा रंग पाठ असेलच. दिव्यामागचा प्रश्नही माहीत असावा, आणि तो आपल्या भाषेत कळलेला असावा.

आमचं वलगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला पेढी नदी आणि गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी इथेच, अमरावतीच्या वाटेवर देह ठेवला. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना प्रश्न विचारत जाणं, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढणं. या पुस्तकाची मांडणी करताना मी ती रीत डोळ्यांपुढे ठेवली. प्रत्येक प्रकरण एका प्रश्नाने सुरू होतं आणि तो प्रश्न विमानातल्या कुठल्या भागाला विचारलेला आहे ते आधी सांगतं. चाकं वर असतानाचं कुलूप, विमान जमिनीवर आहे की हवेत हे ओळखणारे सेन्सर, जमिनीवर असताना लिव्हर वर जाऊ न देणारी खीळ, हायड्रॉलिक गेल्यावर चाकं स्वतःच्या वजनाने खाली सोडण्याची सोय, हे सगळं क्रमाने येतं. ए३२० मध्ये या शेवटच्या सोयीसाठी दोन आसनांच्या मधल्या कन्सोलच्या मागच्या टोकाला हाताने तीन वेळा फिरवायचा दांडा आहे. ७३७ मध्ये उजव्या आसनामागे, जमिनीतल्या झाकणाखाली तीन मुठी. १ नोव्हेंबर २०११ ला वॉर्सॉमध्ये पोलंडच्या बोईंग ७६७ ची ही पर्यायी सोयही चालली नाही, कारण एक सर्किट ब्रेकर निघालेला होता. २३१ जण पोटावर उतरून वाचले. त्या ब्रेकरची हकीकत सहाव्या प्रकरणात आहे.

विद्युत-मंडलांच्या आकृत्या शेवटी एकत्र दिल्या आहेत. आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी त्या आधी पाहिल्या तरी चालेल. इतरांनी पहिल्या प्रकरणापासून निघावं. ते डाउनलॉकच्या सांध्याबद्दल आहे, आणि तिथे गणित नाही.

वलगाव, जि. अमरावती